मावशींच्या उशाशी पिस्तूल ठेवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मावशी ७१ वर्षांच्या. काका जाऊन दोन वर्षं झाली. डॅलसच्या उत्तरेला चार बेडरूमच्या घरात त्या एकट्याच राहतात. मागच्या महिन्यात दोन घरं सोडून चोरी झाली, तेव्हापासून रात्री डोळ्याला डोळा नाही. हातांना संधिवात आहे आणि बंदुकीला आयुष्यात कधी हात लावलेला नाही. दुकानातल्या माणसानं 'बायकांसाठी हेच बरं' म्हणून एक चिमुकलं, हलकं रिव्हॉल्व्हर दाखवलं. तुम्ही न्यू जर्सीत असता, थँक्सगिव्हिंगला तिकडे जाणार आहात, तेव्हा ते घेऊन देऊ का, असं विचारताय.

ते रिव्हॉल्व्हर घेऊ नका. आता सविस्तर सांगते.

मी ह्यूस्टनजवळच्या एका रेंजवर १६ वर्षं शनिवार-रविवार पिस्तूल चालवायला शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या बायका बऱ्याच असतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणी पर्समध्ये हेच रिव्हॉल्व्हर घेऊन येतात. मुलानं दिलेलं, जावयानं दिलेलं, दुकानदारानं गळ्यात मारलेलं. दिसायला गोजिरवाणं, जेमतेम ४०० ग्रॅम वजनाचं, पाच गोळ्यांचं. लहान आणि हलकं म्हणजे सोपं, असं सगळ्यांना वाटतं. इथे नेमकं उलटं आहे. गोळी तीच, बार तोच, पण तो धक्का सोसणारं लोखंड निम्मंच. म्हणून सगळा धक्का अंगठ्याच्या मुळाशी येऊन बसतो, आणि संधिवात असेल तर नेमका तोच सांधा आधीपासून दुखत असतो. पाच गोळ्या झाडून झाल्या की या बायका रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवतात, हात चोळतात आणि म्हणतात, "झालं तेवढं पुरे." त्यानंतर ते कपाटात जातं ते पुन्हा बाहेर येत नाही.

शिवाय त्याचा चाप. असल्या रिव्हॉल्व्हरचा चाप साधारण साडेपाच किलो जोर मागतो. पाच किलो गव्हाची पिशवी एका बोटाच्या पेरावर तोलून धरायची, आणि तीही बाकी हात अजिबात न हलवता, असं समजा. संधिवाताचं बोट ते एकदा करेल, दोनदा करेल; तिसऱ्यांदा सगळी मूठच आवळली जाते आणि गोळी दारावर न जाता जमिनीत जाते. वरचा घोडा अंगठ्यानं मागे ओढून ठेवला की चाप हलका होतो, हे खरं. पण थरथरत्या हातात तसं ताणलेलं रिव्हॉल्व्हर म्हणजे धोका. नंतर न झाडता तो घोडा हळूच खाली सोडणं तर मी नवशिक्यांना करूच देत नाही.

म्हणून मॉडेल कुठलं ते नंतर. आधी मावशींचे हात बघा. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण त्या स्वतः उघडतात का? कुकरचं झाकण लावताना कुठला हात दुखतो? सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. दुपारी रेंजवर जमणारी गोष्ट पहाटे तीनला जमेलच असं नाही, आणि गरज पडलीच तर ती पहाटे तीनलाच पडणार.

मग भाड्यानं पिस्तुलं देणाऱ्या रेंजवर जाऊन त्यांना स्वतःला तीन गोष्टी करून बघू द्या: मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) गोळ्या भरणं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढणं आणि चाप ओढणं. तुम्ही मदत करायची नाही, बाजूला उभं राहायचं. स्लाइड ओढता येत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना ताकद कमी पडत नसते, पद्धत चुकत असते. चिमटीत धरून ओढू नये. पिस्तूल छातीजवळ घ्यावं, नळी समोर, वरून चार बोटांनी स्लाइड मुठीत धरावी, आणि ती ओढण्यापेक्षा उजव्या हातानं पिस्तूलच पुढे ढकलावं. खांद्याचा जोर लागला की बोटांचं काम कमी होतं. एवढं दाखवल्यावर ज्या बाई मघाशी "माझ्यानं नाही होणार" म्हणत होत्या, त्या दहा वेळा ओढून दाखवतात.

तरीही दुखतच असेल तर मी आधी स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड हातात देते, थ्री-एटी या मापाच्या गोळीचं. २०१८ मध्ये आलेलं हे पिस्तूल मुद्दाम कमी जोराच्या हातांसाठी बनवलेलं आहे. स्लाइडची स्प्रिंग नरम आहे. मॅगझिनला बाजूला खुंट्या आहेत, त्या दाबून धरल्या की गोळ्या नखं न मोडता आत सरकतात. त्यात आठ गोळ्या बसतात. नाइन-एमएममधलं भावंडही आहे, पण माझा अनुभव असा की संधिवाताच्या हाताला थ्री-एटीच जास्त मानवते. एक गोष्ट मात्र तपासून घ्या. त्याच्या मुठीमागे एक दाबपट्टी आहे. ती तळहातानं पूर्ण दाबली गेली तरच गोळी सुटते. सांध्यांमुळे मूठ नीट मिटत नसेल तर ती अर्धवट दाबली जाते आणि चाप ओढूनही काही होत नाही. हे दुकानात कळत नाही. वीस-पंचवीस गोळ्या झाडल्यावर कळतं.

स्लाइड अजिबातच ओढवत नसेल तर नळी वरच्या बाजूला उघडणारी पिस्तुलं मिळतात, जसं बेरेटाचं टॉमकॅट. कळ दाबली की नळी टपकन वर येते, एक गोळी सरळ तिच्यात ठेवायची आणि बंद करायची. कल्पना सुंदर आहे, पण पिस्तूल फार लहान, म्हणजे पुन्हा हाताला झोंबणारं. आणि रिव्हॉल्व्हरच हवं असेल तर चार इंची नळीचं, सगळं पोलादी, किलोभर वजनाचं, थर्टी-एट मापाच्या गोळीचं घ्या आणि त्यात सपाट तोंडाच्या हलक्या टार्गेट गोळ्या घाला. जड असतं, पण ते उशाशी ठेवायचं आहे, कमरेला लावून मॉलमध्ये फिरायचं नाहीये. चाप तसा जडच, पण लांब आणि गुळगुळीत. काही हातांना तो चालतो.

कॅलिबरवरून, म्हणजे गोळीच्या मापावरून, होणाऱ्या वादांत पडू नका. कुठली गोळी जास्त मारक यावर इथली पुरुषमंडळी बार्बेक्यूभोवती रात्ररात्र भांडतात. मावशींच्या दृष्टीनं चांगली गोळी म्हणजे जी त्या न घाबरता पुन्हा झाडायला तयार होतील आणि जी सहा-सात पावलांवर थाळीएवढ्या गोलात जाईल. टू-टूची, म्हणजे अगदी बारीक गोळीची, बंदूक मात्र सरावाला ठेवा. तिचा धक्का नावालाच असतो, पण तिच्या गोळीतला बार कडेला ठोकून पेटवायचा असतो, त्यामुळे गोळी न पेटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त. ज्यांच्या हातांना दुसरं काहीच सोसत नाही, त्यांच्यासाठी तो शेवटचा पर्याय.

शॉटगनबद्दलही कुणीतरी सांगेलच. नेम धरावा लागत नाही, नुसता पंप (नळीखालची मागे-पुढे सरकवायची मूठ) ओढल्याचा आवाज ऐकूनच चोर पळतो वगैरे. खोलीभर अंतरात छर्रे मूठभर जागेतच जातात, नेम धरावाच लागतो. ट्वेल्व्ह-गेज मापाच्या शॉटगनचा दणका ७१ वर्षांच्या खांद्याला द्यायचा नाही, त्याहून लहान मापाची ट्वेंटी-गेजही काही फुलासारखी नसते, आणि घाबरलेला माणूस पंप अर्धवट ओढून ती अडकवतो. खांद्याला लावायची नाइन-एमएम कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, यापेक्षा खूप बरी. झाडायला पिस्तुलापेक्षा सोपी, धक्का नगण्य. ती मी पन्नाशीच्या जोडप्यांना आनंदानं सुचवते. पण मावशी एकट्या आहेत. एका हातात फोन लागणार, आणि तीन किलोचं धूड दुसऱ्या एका हातानं सांभाळायचं म्हणजे नळी कुठेही फिरणार.

डोळ्यांचंही बघा. वाचायचा चष्मा दुपदरी असेल तर पिस्तुलाची पुढची माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा खुंट) दिसायला त्या मान मागे टाकून काचेच्या खालच्या भागातून बघतील. रेंजवर हे मी लगेच ओळखते. पिस्तुलावर बसवायची लाल ठिपक्याची काच वयस्कर डोळ्यांना सोयीची असते, कारण ठिपका आणि समोरचं लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसतं. पण दृष्टिवैषम्य असेल तर त्याच ठिपक्याचा फुटलेला डाळिंबाचा दाणा दिसतो. विकत घेण्याआधी त्यांच्या डोळ्याला लावून बघा.

माझ्या आजोबांकडे कोकणात ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. वर्षभर कोनाड्यात, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. वानरं आली की आजोबा हवेत बार काढायचे आणि आम्ही पोरं कान झाकून हसायचो. घराच्या चिऱ्याच्या भिंती दीड-दोन फूट जाड. आपण भारतीय माणसं भिंत म्हटली की तीच डोळ्यांसमोर आणतो. इथे भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचे जिप्समचे दोन पत्रे आणि मध्ये पोकळी. पिस्तुलाची गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. म्हणून घरात उभं राहून बघा: मावशी पलंगापाशी असल्या आणि बेडरूमच्या दाराकडे नेम धरला, तर त्या रेषेत मागे काय आहे? पाहुण्यांची खोली? तुम्ही गेलात की तुमची मुलं जिथे झोपतात ती? तसं असेल तर आधी पलंग हलवा.

आता मूळ मुद्दा. पिस्तूल हे शेवटचं साधन आहे, आणि त्याआधीची साधनं स्वस्त असतात. पुढच्या दाराच्या चौकटीत कडीची पट्टी पाऊण इंची स्क्रूंनी बसवलेली असते. ते काढून तीन इंची घाला, म्हणजे ते मागच्या लाकडात जातील आणि एका लाथेत दार उघडणार नाही. चारही कोपऱ्यांवर हालचालीनं लागणारे दिवे लावा. बेडरूमला भरीव लाकडाचं दार आणि आतून कडी. आणि सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. हे मी आपल्या प्रत्येक घरात सांगते आणि प्रत्येक घरात मावश्या मानेनं हो म्हणून विषय बदलतात. भारतीय घरात सोनं असतं हे चोरांनाही ठाऊक आहे. २०११ ते २०१४ या काळात टेक्साससह पाच राज्यांत आशियाई, मुख्यतः भारतीय वंशाच्या कुटुंबांची घरं हेरून लुटणाऱ्या टोळीच्या सूत्रधार बाईला मिशिगनच्या फेडरल कोर्टानं २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा दिली. लग्नाला, दिवाळीच्या कार्यक्रमाला दागिने घालून गेलात आणि फोटो सगळीकडे टाकलेत, तर कपाटात काय आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

रात्री आवाज आला तर मावशींनी बघायला जायचं नाही. खोलीला आतून कडी, पलंगाच्या पलीकडे बसायचं, ९११ ला फोन, आधी पत्ता. हा पत्ता इंग्रजीत मोठ्यानं म्हणायची तालीम करून घ्या. घाबरल्यावर माणूस मातृभाषेवर येतो. पिस्तूल जवळ आहे हेही फोनवर सांगायचं आणि पोलीस घरात शिरण्याआधी ते खाली ठेवायचं. चोराला बाहेरचा टीव्ही नेऊ द्या. टेक्सासचा कायदा काही परिस्थितीत मालमत्तेसाठीही बळ वापरू देतो, पण टीव्हीपायी एखाद्याचा जीव घेतल्यावर त्या घरात पुढची वीस वर्षं मावशींनाच राहायचं आहे.

आणि दाराबाहेर पाऊल वाजलं की मराठीत विचारायचं, "कोण आहे?" किल्ली कुणाकुणाकडे आहे ते आठवा: तुमच्याकडे, चुलतभावाकडे, कदाचित नातवाकडे. विमान उशिरा आलं म्हणून रात्री दीडला न कळवता शिरणारा माणूस घरचाच असतो. घरचा असेल तर मराठीत उत्तर देईल. हा नियम मी तीन कुटुंबांना घालून दिलाय. हातात वेगळी विजेरी हवीच. पिस्तुलाला लावलेल्या दिव्यानं माणूस ओळखायचा म्हणजे आधी त्याच्यावर नळी रोखायची.

पिस्तूल ठेवायला उशी किंवा चादरींचं कपाट नको, पलंगाशेजारी बोल्टनं पक्की केलेली छोटी तिजोरी. बोटाच्या ठशाची घेऊ नका, म्हातारपणी कातडी कोरडी पडते, ठसे पुसट होतात आणि यंत्र नकार देतं. चार-पाच यांत्रिक बटणांची घ्या, अंधारात चाचपून उघडता येते. घरात १७ वर्षांखालचं मूल येत असेल आणि भरलेलं हत्यार त्याच्या हाती लागेल असं ठेवलेलं असेल, तर टेक्सासमध्ये तो गुन्हा आहे. आणि बहुतेक चोऱ्या घरी कुणी नसताना होतात, तेव्हा उघड्यावर ठेवलेलं पिस्तूल चोराला मिळालेलं बक्षीसच.

आता जे विचारायला जड जाईल ते. काका जाऊन दोन वर्षं झाली, झोप नाही असं तुम्ही लिहिलंय. ती झोप फक्त चोरीमुळे गेली आहे का? अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि बंदुकीनं केलेला प्रयत्न क्वचितच फसतो. गोळ्या घेतलेल्या माणसाला बहुतेक वेळा दुसरी संधी मिळते, इथे मिळत नाही. मावशींना सरळ विचारा, आडून नको: "जगावंसं वाटत नाही असं कधी होतं का?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही. उत्तर हो आलं, नुसती गप्प राहून मान जरी हलली, तर पिस्तुलाचा विषय तिथेच थांबवा, डॉक्टरांकडे न्या, आणि ९८८ हा आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीच्या मदतीचा क्रमांक फ्रिजवर लावा; तिथे रात्रंदिवस बोलता येतं. झोपेच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत तेही बघा. अर्धवट गुंगीत उठलेल्या माणसाच्या हातात पिस्तूल नको. विसरभोळेपणा सुरू झालाय का, गॅस चालू राहतो का, नावं चुकतात का? आज नसेल, पुढे होईल. तेव्हा पिस्तूल कोण घेऊन जाणार हे आत्ताच, त्या धडधाकट असताना, त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. गाडीच्या किल्ल्या काढून घ्यायला उशीर झालेली घरं मी पाहिली आहेत. तेव्हा होणाऱ्या भांडणात कपाटात पिस्तूल असणं परवडत नाही.

कायद्याचं थोडक्यात. तुम्ही न्यू जर्सीचे रहिवासी, म्हणून टेक्सासच्या दुकानातून तुम्हाला पिस्तूल थेट विकत घेऊन बाहेर पडताच येणार नाही. मावशी नागरिक आहेत, त्यांनी स्वतःच्या नावावर घ्यावं, बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ स्वतः भरावा, पार्श्वभूमी तपासणी त्यांची होईल. पैसे तुम्ही दिलेत तर चालतं. पण त्यांच्या पैशांनी तुम्ही 'माझ्यासाठी घेतोय' असं लिहून त्यांच्यासाठी घेतलंत, तर तो फेडरल गुन्हा आहे आणि २०२२ पासून त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सांधेदुखीसाठी गांजाच्या गोड गोळ्या खाणाऱ्या मावश्याही आता आढळतात. फॉर्मवर त्याचा प्रश्न आहे, खोटं लिहायचं नाही. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: भेटीच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांना किंवा एच-वन-बीवरच्या मित्राला हौस म्हणून रेंजवर नेऊ नका. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर रेंजवर भाड्याची बंदूक हातात धरणं हाही ताबाच धरला जातो.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात रेंजवर गर्दी असते, तेव्हा सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी जा, आणि त्या दिवशी काहीही विकत घ्यायचं नाही असं ठरवूनच जा. शिकवायला तुम्ही उभे राहू नका, तासाभरासाठी शिक्षक घ्या, जमल्यास बाई. भाच्याचं चुकलं तरी मावशी बोलणार नाहीत, आणि मावशींचं चुकलं तर तुम्ही बोलू शकणार नाही. कानात बोळे, वरून कर्णकवच, दोन्ही. पिस्तुलाचा बार १५० डेसिबलच्या वर जातो आणि बंद रेंजमध्ये तो छातीत घुमतो. श्रवणयंत्र असेल तर आधी काढायचं. पायात बूट, आणि गळाबंद टी-शर्ट. सैल गळ्याचा कुर्ता नको, कारण स्लाइडमधून उडणारी तापलेली पुंगळी नेमकी गळ्यात शिरते आणि माणूस हातातलं पिस्तूल विसरून नाचायला लागतो.

पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये एकच गोळी भरायची. ती सुटली की त्या डोळे मोठे करून, हातातल्या पिस्तुलासकट, तुमच्याकडे वळून बघतील. सगळेच वळतात. तेव्हा ते रिकामं असलेलं बरं.